अंबाडीचं इंग्रजी नाव

शेरीफच्या माणसाने विचारलं, "हे काय आहे?" माझा नवरा म्हणाला, "हेम्प."

आम्ही तिघं डोंगराच्या उतारावर उभे होतो. आमच्याभोवती डोक्याहून उंच अंबाडी होती.

आम्ही तेव्हा अमेरिकेतल्या कॅरी नावाच्या गावात राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरी, पुस्तकांत. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज गेलेला होता. त्या वर्षांत ओळखीतला प्रत्येक जण अशाच कुठल्या तरी निकालाची वाट पाहत असे, आणि वाट पाहताना दुसरं काही करत नसे. घर घ्यायचं नाही, नोकरी बदलायची नाही. स्पीडिंगचं तिकीट मिळालं तरी आधी वकिलाला फोन. माझ्या नवऱ्याने मात्र पश्चिमेकडे डोंगरात जमिनीचा एक तुकडा घेतला. आधीच्या मालकाने तिथे तंबाखू लावून पाहिली होती आणि सोडून दिली होती. निम्मी जमीन दगड आणि उरलेली निम्मी इतकी तिरकी, की चालताना एक हात जमिनीला टेकावा लागे.

"अंबाडीले चांगली जमीन लागतच नाही," तो म्हणाला. तो यवतमाळकडचा. "आमच्याकडे धुऱ्यावर, म्हणजे तुमच्या बांधावर, टाकून देतात. कोणी पाणी देत नाही, खत देत नाही. पाल्याची भाजी, सालीचा वाख, वाखाचे दोर. तुमच्या पुण्यात भाजी जुडी बांधूनच उगवते, तुला काय सांगायचं."

"पुण्यात व्हिसावर असताना कोणी शेती करत नाही, एवढं मला माहीत आहे."

तो हसला होता. पहिल्या वर्षी थोडी लावून पाहायची, नीट आली तर पुढे सगळा उतार, आणि वाख विकून कधीतरी नोकरी सोडायची, असं त्याच्या मनात होतं. बी त्याच्या आईने दिलं होतं, सुटकेसमध्ये मेथीच्या पुडीशेजारी. कस्टमला आम्ही ते दाखवलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये त्या डोंगरांवरून हेलिकॉप्टर फिरतात, गांजा शोधायला. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शेरीफच्या माणसाने एक पान तोडून तळहातावर पसरलं. पंजासारखं पान, बोटं लांब, कडा कातरलेल्या. पाहिल्यावर मलाही क्षणभर शंका आली.

"म्हणजे मॅरुवाना," तो म्हणाला.

"नो, नो. हेम्प. दोरासाठी."

"दोन्हींना कायदा एकच आहे, सर."

नवऱ्याला वाटलं, नीट समजावलं तर मिटेल. तो म्हणाला, "आम्ही हे खातो."

"खाता?"

"डाळीत घालून."

त्या माणसाने खिशातून पेन काढलं.

मग त्याने बी कुठून आणलं ते विचारलं. नवरा गप्प झाला. इतका वेळ बोलणारा माणूस एकदम गप्प झाला, की ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. नावं लिहून झाली, चार झाडं कागदी पिशवीत गेली. लॅबचा निकाल येईपर्यंत बाकीच्या झाडांना हात लावायचा नाही, असं सांगून तो गेला.

परतताना नवरा घाटात इतकी हळू गाडी चालवत होता, की मागचे हॉर्न वाजवत होते. "डिक्शनरीत तसंच आहे ना गं?" त्याने दोनदा विचारलं.

डिक्शनरीत तसंच होतं. अंबाडी, हेम्पच्या जातीची एक वनस्पती. जुन्या काळी कुणी तरी दोर पाहिला आणि हा शब्द, गांजाच्याच झाडाचा, लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत वनस्पतींची पुस्तकं काढली. अंबाडी भेंडीच्या कुळातली निघाली, गांजाशी तिचं काही नातं नव्हतं. तिला इंग्रजीत वेगळं नावही होतं, ते आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मी ते घरी येऊन वाचून दाखवलं.

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्यांना कुठे माहीत आहे?"

भेंडीसारखं फूल आलं असतं तर वादच नव्हता. पण अंबाडीला फूल दिवस लहान होऊ लागल्यावर येतं.

त्याने इथेच राहणाऱ्या एका नागपूरच्या मित्राला फोन केला. "यार, लोक इथे ट्युलिप लावतात," तो म्हणाला. "तुला कुंडीतली कोथिंबीर पुरत नव्हती?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "काही साइन करू नकोस. अरेस्ट झाली ना, तर कार्डाच्या फिंगरप्रिंटमध्ये दिसतं. मग बॅगा भरायच्या."

त्यानंतर आमच्या घरी पडदे दिवसाही बंद राहू लागले. बेल वाजली की तो उठत नसे, मी उठायची. बहुतेक वेळा पार्सल असे. मंडळाच्या गणपतीला गेलो, तेव्हा एका काकूंनी "कशी आहे तुमची शेती?" म्हणून सहज विचारलं आणि त्याच्या हातातल्या द्रोणातला प्रसाद सांडला. माझीही झोप गेली होती. दोघांपैकी एकाने तरी न भिता राहावं असं मला वाटे, आणि ते जमत नव्हतं.

एका रविवारी त्याच्या आईचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"अंबाडी लागली का रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी ऐकत असेल, असं त्याला वाटत होतं. "नाही आई. उगवलीच नाही."

"बी जुनं निघालं वाटते. पुढच्या खेपेले नवं देतो."

"नको. नको पाठवू काही." आणि त्याने फोन ठेवला.

सप्टेंबर संपता संपता शेरीफच्या त्याच माणसाने आम्हाला उतारावर बोलावलं. तिथे पोहोचलो तर अंबाडी फुलली होती. फिकट पिवळी फुलं, मध्ये गडद तांबडा ठिपका. तो माणूस फुलांकडे पाहत उभा होता.

"माझी आजी भेंडी लावायची," तो म्हणाला. "हे फूल तेव्हा असतं, तर मी गाडी वळवून परत गेलो असतो. लॅबनेही नाही म्हटलंय. पण सर, तो शब्द पुन्हा कुणापुढे वापरू नका."

नवऱ्याने मान हलवली. मला वाटलं, आता संपलं.

तो गेल्यावर नवऱ्याने कोयता काढला आणि सगळी अंबाडी कापून टाकली. वाखासाठी ती पाण्यात भिजत घालायची असते. त्याने ती तशीच टाकली. जाळलीसुद्धा नाही, धूर दिसेल म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात मी विचारलं, "या वर्षी लावायची का? नाव तर आता कळलंय." तो म्हणाला, "कार्ड येऊ दे."

कार्डासाठी ठसे द्यायला गेलो, तेव्हा त्याचा तळवा इतका घामेजला होता की मशीन ठसा घेईना. तिथल्या बाईने त्याचा हात दोन वेळा टिशूने पुसला. "रिलॅक्स," ती म्हणाली. कार्डं पुढच्या वर्षी आली, दोघांची एकाच दिवशी. त्याने ती कपाटात ठेवली आणि म्हणाला, "आता एक वर्ष जाऊ दे. उगाच लक्षात यायला नको."

ते वर्ष गेलं नाही. हिवाळ्यात तो ऑफिसात कोसळला आणि हॉस्पिटलमध्ये पोचण्याआधीच गेला.

मी अजून या देशात आहे. मला इथून कुणी घालवू शकत नाही. जमीन मी विकलेली नाही आणि तिथे काही पेरलेलंही नाही.