महापौर सुमनताई आणि आमच्या गल्लीचा अर्ज

सुमनताई महापौर झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचे मिस्टर बसले.

आज पहाटे ताई वारल्या. कुळगावला, लेकीच्या घरी.

आमच्या कॅम्प पाचमधून महापौर झालेली पहिली बाई.

आधी त्यांचे मिस्टर नगरसेवक होते. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून ताईंना उभं केलं. त्या निवडून आल्या, आणि महापौरपदही महिलेसाठीच राखीव निघालं. सही बाई करतील, कारभार साहेब बघतील, असं लोक उघड बोलायचे. मीही तसंच समजायचो.

माझी शाळा नववीत सुटली. पण अक्षर नीट, म्हणून गल्लीचे अर्ज मी लिहायचो.

आमच्या गल्लीत नळ नव्हता. आई पलीकडच्या गल्लीतून हंडे आणायची आणि तिथल्या बायकांची बोलणी खायची.

मी पाण्याच्या लाइनसाठी अर्ज लिहिला. चार वेळा तपासला. वर साहेबांचं नाव टाकलं. सगळे तसंच करायचे.

महापौरांच्या दालनात साहेब खुर्चीवर, ताई बाजूला सोफ्यावर. मी अर्ज साहेबांपुढे धरला. ताईंनी तो मध्येच घेतला.

"महापौर कोण आहे रे?"

"तुम्ही, ताई."

"मग हे कोणाला लिहिलंस?"



साहेब हसले. "अगं, काय फरक पडतो? काम झाल्याशी मतलब."

"बरं. मग सहीपण तुम्हीच करा. चालते का बघू."

शिपाई खिडकीबाहेर बघायला लागला.

"तू बस इथे, दुसरा लिही," ताई मला म्हणाल्या. "आणि अहो, तुम्ही जरा उठा. मला फाइली बघायच्यात."

साहेब उठले. परत त्या खुर्चीवर बसलेले मी तरी पाहिले नाहीत.

लाइन यायला बरेच महिने लागले. इंजिनिअरला ताई स्वतः फोन करायच्या. मग वस्तीतल्या बायका संडासासाठी, दिव्यांसाठी थेट दालनात जायला लागल्या.

हे वरच्यांना आवडलं नाही. पुढच्या वेळी पक्षाने तिकीट कापलं. ताई अपक्ष लढल्या. थोडक्यात पडल्या.

आज सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो आहे. मीही ठेवला, मग काढला.

कारण त्या मतदानाला मी गेलोच नव्हतो. मोरिवलीला कंपनीत ड्युटी होती. सुपरवायझरकडे दोन तास मागायला घाबरलो.

नंतर ताई बाजारात भेटल्या. "पाणी येतं ना रे नीट?" एवढंच विचारलं.

"हो ताई," म्हणालो. पुढचं सांगायचा धीर झाला नाही.

ताई, मी तुम्हाला मत दिलं नव्हतं. माफ करा.

शेवटचा जय भीम.