उसवबाई

विद्यापीठाच्या वस्त्र विभागात त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं. मुलं त्यांना उसवबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण फार मागेही नाही. जिन्याच्या वळणावर उभं राहिलं की स्पष्ट ऐकू यायचं. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. कुणी विषय काढलाच तर त्या म्हणायच्या, "बरोबरच आहे. शिवायला शिकवणारे पुष्कळ आहेत. उसवायला कोण शिकवतं?"

नव्या वर्गाला याचा प्रत्यय पहिल्याच तासाला यायचा. फॅशनचं शिक्षण म्हणजे रेशीम, रंगीत रेखाटनं आणि दिव्यांच्या उजेडात डौलात चालणारी माणसं, असं मनात धरून मुलं यायची. बाई आत शिरायच्या त्या भलंमोठं गाठोडं घेऊन. टेबलावर जुन्या शर्टांचा ढीग पडायचा, आणि प्रत्येकाच्या हातात एक शर्ट आणि टाके उसवायची छोटी आकडी.

"हा शर्ट सुटा करा. कापायचा नाही, फाडायचा नाही. बटणं एकीकडे, कॉलरच्या आतलं कडक कापड एकीकडे, लेबल एकीकडे, धागा एकीकडे."

तास संपेपर्यंत कुणाची नुसती कॉलर निघालेली असायची, कुणाचं बोट रक्ताळलेलं, आणि एखादी मुलगी बाहीशी जन्माचं वैर असल्यासारखी झटत असायची. मग बाई खुर्चीत टेकायच्या आणि म्हणायच्या, "आता कळलं, जुन्या कपड्याचं पुन्हा कापड का होत नाही? यंत्र सुती कापड दळायला तयार आहे. पण त्याला चेन चालत नाही, बटण चालत नाही, दुसऱ्या जातीचा धागा चालत नाही. ते सगळं हाताने काढत बसायला कुणाला वेळ आहे? म्हणून डोंगर होतात कपड्यांचे. आपण शिवताना एकदाही विचार करत नाही, की हे सुटणार कसं."

बाईंचं सगळं संशोधन या एका प्रश्नापाशी येऊन बसलं होतं. विभागाच्या तळघरात, जिथे ओल्या सुताचा आणि गरम लोखंडाचा एकत्र वास यायचा, त्या एका धाग्याच्या मागे लागल्या होत्या. धागा असा हवा, की रोजच्या वापरात पक्का राहील, धुण्यात राहील, इस्त्रीखाली राहील. पण त्याहून बऱ्याच जास्त उष्णतेत एकदम सोडून देईल. कपडा जुना झाला की गरम कपाटात टांगायचा, थोड्या वेळाने काढून झटकायचा. बाही बाहीच्या वाटेने, खिसा खिशाच्या वाटेने. पुढचं काम यंत्राचं.

घरी मात्र या संशोधनाचं नाव काढायची सोय नव्हती, कारण घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढला होता. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. आता दुकान बंद होतं, पण यंत्र जागच्या जागी होतं आणि सासूबाईंचा अभिमानही. "मी शिवलेली पँट घालून माणूस झाडावरून पडला तर माणूस मोडेल, शिवण नाही," असं त्या पाहुण्यांना न विचारता सांगायच्या. सुनेच्या कामाबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं. "आपोआप उसवेल असं शिवणाऱ्या मुली माझ्याकडेही येऊन गेल्या. मी त्यांना आठवड्याभरात घरी पाठवायचे. हिला विद्यापीठाने खुर्ची दिली."

बाई यावर ताटातल्या भाजीचा विषय काढायच्या. घरात दोन बायका एकाच धाग्याची दोन टोकं ओढत असल्या, की मधल्या माणसाचे हाल होतात हे त्यांना ठाऊक होतं. मधला माणूस म्हणजे त्यांचा नवरा. त्याची कोपऱ्यावर बेकरी होती.

धाग्याची पहिली रिळं तयार झाली तेव्हा बाईंनी त्या धाग्याने काही पँटी शिवून घेतल्या आणि त्या रोज घालायला माणसं शोधली. विद्यापीठाचा माळी तयार झाला, ग्रंथपाल तयार झाले, एक बसचालक तयार झाला. नवऱ्याला विचारायची गरज बाईंना वाटली नाही. त्यांनी पँट त्याच्या खुर्चीवर ठेवली.

"अगं, मी दिवसभर भट्टीसमोर उभा असतो," नवरा म्हणाला.

"म्हणूनच तर."

"उसवली तर?"

"नाही उसवणार. त्याला याच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊब लागते."

"आणि उसवलीच तर?"

"तर मला लगेच कळव," बाई उत्साहाने म्हणाल्या. नवऱ्याला यातून जेवढा धीर मिळायचा तेवढा मिळाला.

दर रविवारी सकाळी तपासणी व्हायची. नवरा पँट घालून स्टुलावर चढायचा, हातात चहाचा कप. बाई भिंग घेऊन त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरायच्या. "वळ. पाय पसर. वाक." सासूबाईंना नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायचं असायचं, आणि शोधताना भांडी फार वाजायची.

हळूहळू इतरांच्या पँटी परत येऊ लागल्या. माळ्याचा गुडघा उघडा पडला होता. ग्रंथपालांनी वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात वर केला आणि खिसा खाली आला. बसचालकाने पँट पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि मागे न बघता निघून गेला. काय झालं ते बाईंना पिशवी उघडल्यावर समजलं. नवऱ्याची पँट मात्र जशीच्या तशी. भट्टीची धग, पिठाची पोती, रोजची उठबस, आणि एक टाका हललेला नाही!

बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी विद्यार्थिनी होती, तिने पँट उजेडात धरली. "मॅडम, हा धागा जरा जास्तच चकाकतोय."

"पिठाने घासून घासून चकाकी आली असेल."

"पिठाने?"

"मग तुला दुसरं काही कारण सुचतंय?"

विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाचा विचार केला आणि तिला दुसरं काही कारण सुचलं नाही.

विभागप्रमुखांनी कपड्यांच्या कारखान्यांतून तीन पाहुण्यांना बोलावलं. दोघे पुरुष मान डोलावणारे होते आणि एक बाई सारख्या फोनमध्ये बघणाऱ्या. तळघरात खुर्च्या मांडल्या, गरम कपाटाची काच पुसून लख्ख केली. बाईंनी पँट दोन्ही हातांनी उंच धरली.

"ही पँट रोज भट्टीसमोर उभी राहिली आहे. हिचा एकही टाका सुटलेला नाही. आणि आता, तुमच्या डोळ्यांदेखत, ही आपणहून सुटी होईल."

पँट कपाटात टांगली. दार लावलं. सगळे काचेतून बघू लागले. पँट हलली नाही. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी उष्णता वाढवली. पँट टांगलेलीच. बाईंनी आणखी वाढवली. तळघरात घाम फुटायला लागला. मान डोलावणाऱ्यांपैकी एकाने कोट काढला, दुसऱ्याने टाय सैल केला. सुटं होत होतं ते पाहुण्यांचंच.

शेवटी बाईंनी हातमोजे घालून पँट बाहेर काढली आणि झटकली. पुन्हा झटकली. मग पायांना धरून जोर लावला, विद्यार्थिनीने दुसरा पाय धरला, दोघींची थोडी ओढाओढ झाली. पँट कडक इस्त्री झाल्यासारखी अखंड राहिली.

"टिकाऊ आहे खरा," पहिला पाहुणा सौजन्याने म्हणाला.

"पण मग नेहमीच्या धाग्यात आणि यात फरक काय?" दुसऱ्याने विचारलं.

बाईंनी भिंग घेतलं आणि पँट उलटी करून टेबलावर पसरली. आतल्या बाजूला, शिवण संपत होती तिथे, त्यांना एक छोटीशी फुली दिसली, टाक्यावर आडवा टाका घालून घट्ट आवळलेली. दुसऱ्या पायावर तशीच. खिशाच्या तोंडाशी तशीच. ती फुली बाई लग्न झाल्यापासून बघत होत्या. उशांच्या अभ्र्यांवर, पडद्यांवर, स्वतःच्या कोटाच्या अस्तरावर. यंत्राला असली फुली येत नाही. ही फुली जगात एकाच हाताची होती.

विद्यार्थिनी कानाशी कुजबुजली, "मॅडम, कपाट बिघडलंय म्हणू या का?"

बाईंनी क्षणभर तसा विचार केला, हे खोटं नाही. विभागप्रमुखांचा चेहरा बघितला तेव्हा तर फारच केला. पण मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "ही शिवण माझी नाही. ही माझ्या सासूबाईंची शिवण आहे. त्यांनी माझी पँट सगळी उसवून पुन्हा शिवली आहे, आणि मला पत्ता नाही."

विभागप्रमुखांनी डोळे मिटले. फोनवाल्या बाईंनी मात्र पहिल्यांदाच फोन पर्समध्ये ठेवला आणि खो खो हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "अहो, आमच्याकडे जुने कपडे परत येतात ना, त्यांतल्या कितीतरी कपड्यांवर कुणीतरी घरी काही ना काही शिवलेलं असतं. ठिगळ, हूक, खिसा. कुणाची आई, कुणाची आजी. आमची यंत्रं तिथेच अडतात. याचा विचार तुम्ही केलाय का?"

बाईंनी केला नव्हता. इतकी वर्षं धाग्याच्या मागे होत्या, पण कपडा माणसाच्या घरी गेल्यावर तिथेही सुई असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी त्या घरी आल्या आणि पँट जेवणाच्या टेबलावर ठेवली. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. नवऱ्याने पँट पाहिली आणि त्याला एकाएकी बेकरीत काहीतरी राहिल्याचं आठवलं.

"बस," बाई म्हणाल्या. तो बसला.

"आई, ही तुम्ही शिवलीत?"

"मग काय करू?" सासूबाईंनी वाटाणे सोलणं थांबवलं नाही. "पहिल्याच आठवड्यात हा भट्टीतून ट्रे काढायला वाकला आणि मागून टर्रकन गेली. दिवसभर भिंतीला पाठ लावून पाव विकले याने. खेकड्यासारखा आडवा चालत होता. एका गिऱ्हाइकाने तर कंबरदुखीवर तेल आणून दिलं!"

"तेल चांगलं होतं," नवरा हळूच म्हणाला.

"बेकरीची निम्मी गिऱ्हाइकं माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत," सासूबाईंचा आवाज चढला. "माझ्या मुलाची पँट भर दुकानात उसवली म्हटल्यावर माझं नाव काय राहिलं? हा दुपारी झोपला तेव्हा सगळीच उसवून पुन्हा शिवून काढली. तुझ्या धाग्याच्याच रंगाचा धागा शोधला, मुद्दाम."

"आणि तू?" बाईंनी नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "दर रविवारी स्टुलावर उभा राहायचास. चहा पीत!"

"तू इतकी खूश होतीस," नवरा म्हणाला. "आणि पँटही छान बसत होती."

बाईंना रडावं की हसावं ते कळेना. रागावायचं पुष्कळ ठरवून आल्या होत्या, पण खेकडा डोळ्यांपुढून जाईना. शेवटी त्यांनी पँट उलटी केली आणि सासूबाईंसमोर धरली.

"आई, हे बघा. शिवण तुमची शाबूत आहे. पण तिच्या कडेचं कापड बघा."

सासूबाईंनी चष्मा लावला. शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापड विरलं होतं. कापड जुन्या चादरींच्या सुतापासून पुन्हा विणलेलं, मऊ. सासूबाईंचा नायलॉनचा धागा त्याला करवतीसारखा कापत गेला होता. आणखी महिनाभरात पँट शिवणीवर नाही, शिवणीशेजारी फाटली असती, आणि तिथे कुणालाच काही करता आलं नसतं.

सासूबाई बराच वेळ कापडावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"कापड नाजूक निघालं तुझं," त्या अखेर म्हणाल्या.

"धागा दांडगा निघाला तुमचा."

"तुझा तर निघालाच नाही, पळून गेला."

यावर नवरा हसला आणि दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वाटाणे सोलायला घेतले.

पुढचं वर्षभर बाईंनी दोन गोष्टी केल्या. धागा अधिक पक्का करून घेतला, भट्टीच्या धगीला दाद न देणारा. आणि प्रत्येक पँटीसोबत त्याच धाग्याचं छोटं रीळ आणि सुई द्यायला सुरुवात केली, म्हणजे घरी कुणी काही शिवलंच तर तेही एक दिवस सुटेल. या रिळाची पहिली परीक्षा सासूबाईंनी घेतली. दातांनी धागा ओढून पाहिला, गाठी मारल्या, दाराच्या कडीला बांधून झोका दिला. "शिवेन मी याने," असं त्या म्हणाल्या, पण शिवताना पूर्ण वेळ तोंड वाकडं होतं. माळी आणि ग्रंथपाल पुन्हा तयार झाले. बसचालक कुठल्याही अटीवर तयार झाला नाही.

दुसऱ्या प्रात्यक्षिकाला फोनवाल्या बाई एकट्याच आल्या. कपाट तापलं, आणि काचेमागे नवऱ्याची पँट आधी माणूस एका खांद्याने झुकावा तशी झुकली, मग खिसा गळाला, मग चेन खणकन खाली पडली आणि दोन्ही पाय वेगवेगळे होऊन तळाशी जाऊन बसले. सासूबाईंनी लावलेलं गुडघ्याचं ठिगळही अलगद निघालं. विद्यार्थिनीने टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुखांनी डोळे उघडे ठेवले होते. फोनवाल्या बाई पाचशे पँटींचं काम करून बघायचं ठरवूनच उठल्या.

त्यावर बाईंनी शोधनिबंध लिहिला. तो छापून आला तेव्हा सासूबाईंनी मुलाला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावला. आकडे, तक्ते, धाग्याचा पीळ, सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग एक वाक्य आलं, की पहिल्या चाचणीचे निष्कर्ष 'कुटुंबातील एका ज्येष्ठ सदस्याच्या हस्तक्षेपामुळे' बाद धरावे लागले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "ज्येष्ठ म्हणजे?"

"वयाने मोठी, आई."

"म्हणजे म्हातारी."

"तसं नाही, आदराने म्हणतात."

"आणि हस्तक्षेप?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हाताचं काम," तो म्हणाला.

सासूबाईंनी मान हलवली. "ते बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पुढे वाच."