परबकाकांची घळ

नवीन इमारतीचा नकाशा टेबलावर आला, की परबकाका आधी विचारायचे, "पाणी खंय जातला?" गोरेगावच्या आमच्या ऑफिसात सगळे हसायचे. आम्ही बिल्डरांच्या जाहिरातींसाठी इमारतींची चित्रं करायचो; पाणी कुठे जाणार हे विचारणारे तेवढे एकटेच.

उपग्रहाची फुकट मिळणारी छायाचित्रं आणि उंचीचे आकडे उतरवून घेऊन ते संगणकावर अख्खा डोंगर उभा करायचे. मला ते काम त्यांनीच शिकवलं. "ह्या आकड्यांत बारीकसारीक दिसना नाय गो," म्हणायचे, आणि रविवारी स्वतः डोंगर चढून ओहोळ बघून यायचे.

भांडुपच्या एका कामात डोंगरावरची घळ थेट बी विंगच्या पाठीशी उतरत होती. काकांनी ती जशीच्या तशी दाखवली. साहेब वैतागले. "परब, मागे हिरवळ टाका. गिऱ्हाईक घाबरतं ना!"

"चित्रात बुजवलास म्हणून घळ बुजना नाय, सायबा."

साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. मी एका दुपारी घळ बुजवली, वर गवत पसरलं, दोन बाकं ठेवली. काका बघत होते.

मग त्यांनी पुठ्ठ्याचे थर कापून तो डोंगर खरोखरचा बनवला आणि वॉर्ड ऑफिसात नेला. तिथला अधिकारी म्हणाला, "फुकटच्या फोटोंवरून काम थांबवू का आम्ही?" हे साहेबांच्या कानावर गेलं आणि काकांची नोकरी गेली. महिन्याभरात मी त्यांच्या खुर्चीवर बसले.

इमारत झाली, लोक राहायला आले. दुसऱ्या पावसाळ्यात घळीतून चिखल उतरला. बी विंगच्या मागे वॉचमनची खोली होती. त्याची बायको आत स्वयंपाक करत होती. ती गेली. चौकशी लागली. बिल्डर म्हणाला, अशी काही कल्पनाच नव्हती.

मी काकांना फोन केला. "काका, तुमचं बरोबर होतं."

"बरोबर ठरान माका काय मिळाला? बाय गेली ती गेली." मग म्हणाले, "माझी जुनी फाइल आसा ना ऑफिसात? घळ दाखवलेली? ती चौकशीत दी."

"देते," मी म्हणाले.

दिली नाही. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

गेल्या वर्षी काका वारले. कळलं तेव्हा बारावं होऊन गेलं होतं. त्यांच्या चाळीतल्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला, नाव विचारलं. ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तूच ती! शेवटपर्यंत सांगत होते गो, 'पोर देतली फाइल. घाबरता ती, वाईच वेळ लागतलो.'" मग त्यांनी सहज विचारलं, "दिलीस ना?"

मी मान हलवली. होकारार्थी.