वाफ ज्याची, कोपरा त्याचा

गरिबांचं भलं करणारी माणसं मला लांबून आवडतात. जवळ आली की माझं डोकं फिरतं. आणि माझं नशीब असं, की ती थेट आमच्या इमारतीत येऊन बसली. मी दुसऱ्या मजल्यावर, ती पहिल्या.

इंदूरला मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत खाली दुकानं आणि वर घरं. पहिल्या मजल्यावर पूर्वी साड्यांना फॉल लावायचा कारखाना होता. दिवसभर मशिनी खडखडायच्या, पण त्यांचा कुणाला उपदेश नसे. कारखाना गेला आणि काचेचं दार बसलं. आत बसायला खुर्च्या नाहीत, रंगीत पोतडीसारख्या गाद्या. त्यात एकदा बसलं की माझ्या वयाच्या बाईला उठवायला दोन माणसं लागतात. वस्तीतल्या बायकांना उद्योजक करणारी ही मंडळी. 'संस्था' म्हटलेलं त्यांना खपत नसे. 'सोशल एंटरप्राइझ' म्हणायचं.

त्यांचा मुख्य पुण्याचा. वय तिशीच्या आतबाहेर, दाढी कोरलेली, खादीचा कुर्ता इस्त्रीचा. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलोय, हे तो स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगायचा. सोडलेल्या नोकरीवर इतकं जगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मराठी बाई वर राहते आणि गल्लीत सगळ्यांना ओळखते, हे कळल्यावर तो जिना चढून आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या कम्युनिटी ॲडव्हायझर व्हा." मी शाळेतून निवृत्त, घरात एकटी. म्हटलं, बघू. सल्लागार म्हणजे ज्याला चहा मिळतो आणि ज्याचा सल्ला घेत नाहीत तो माणूस, हे मला पुढे कळलं.

आता खालचं सांगते. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एक मेडिकल आहे. ते दहाला उघडतं. त्याचं शटर बंद असतं तोवर त्याच्यासमोर एक बाई पोह्यांचा ठेला लावायची. गुबगुबीत, तोंडाने फटकळ, नटायची हौस, आपल्या पोह्यांचा भलताच गर्व. नवरा सकाळी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, मोठी मुलगी कॉलेजात, धाकटी शाळेत. घर चालायचं ते त्या ठेल्यावर. पोहे मात्र खरोखर चांगले. खाली भगोना, म्हणजे उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोह्यांची परात, वाफेवर फुललेले मऊ दाणे, वरून शेव, कांदा आणि जीरावन मसाल्याची चिमूट. इंदूरचा माणूस सकाळी देवाला विसरेल, पण याला विसरणार नाही.

तो कोपरा तिचा होता, पण कुठल्या कागदावर नव्हता. आमच्या गल्लीचा कायदा साधा आहे: पहाटे ज्याच्या भगोन्यातून वाफ निघते, जागा त्याची. नुसता ठेला उभा करून चालत नाही. घरात मयत झालं तरी कुणीतरी येऊन भट्टी पेटवतं, भगोना चढवतं आणि रिकामी परात झाकून उभं राहतं. एक सकाळ वाफ दिसली नाही की दुसरा येतो. आणि त्याची गिऱ्हाइकं बसली की मग ब्रह्मदेव आला तरी त्याला उठवत नाही. तिच्या कोपऱ्यावर एकाचा डोळा होताच. कृष्णपुऱ्याकडे उभा राहणारा एक पोहेवाला येता-जाता तिथे रेंगाळायचा आणि तिला विचारायचा, "भाभी, गाँव-वाँव नी जा रिये क्या?"

तर पहिल्या मजल्यावरच्या आमच्या पुणेकर महाशयांनी तिला हेरलं. रोज हिचेच पोहे खायचे ना! एक दिवस प्लेट हातात घेऊन तिला म्हणाले, "दीदी, आप में बहुत पोटेंशियल है." ती लाजली. तिला वाटलं, पोह्यांना काहीतरी म्हणाले.

बूटकॅम्प नावाचं प्रशिक्षण सुरू होणार होतं. बायका चपला दाराबाहेर काढून त्या बूटकॅम्पला बसणार होत्या. शेवटी स्टीलचा चकचकीत ठेला, छत्री, गणवेश असं बरंच काही कबूल केलेलं. आणि वेळ? सकाळी सात ते दहा.

मी पहिल्या मजल्यावर जाऊन त्याला म्हटलं, "अरे, ही पोहे विकते. सकाळी सात ते दहाच विकते. दुपारी घे की वर्ग."

"काकू, मॉर्निंगला माइंड फ्रेश असतं."

"तिच्या गिऱ्हाइकांचं पोटही सकाळीच रिकामं असतं."

तो हसला. समजूतदारपणे हसला, हे जास्त लागलं. म्हणाला, "तिला कम्फर्ट झोनमधून बाहेर काढायचंय." पहाटे उठून चौघांचं घर ओढणाऱ्या बाईचा कम्फर्ट झोन! मला शाळेत असते तशी छडी हातात हवी होती.

आणि तीही काही कमी नव्हती. मी तिला म्हटलं, जाऊ नकोस, कोपरा जाईल. तर म्हणाली, "अरे काकीजी, इस्टील का ठेला दे रिये हैं. ऊपर से सर्टिफिकेट. छोरी के ब्याव में बोलने को होयगा, के माँ बिजनेस करे." या हौसेपुढे मी काय बोलणार? तिलाही चार शिव्या घातल्या आणि म्हटलं, बरं, तुझा वर्ग संपेपर्यंत मी उभी राहते.

आमचे पूर्वज म्हणे तलवार लावून घोड्यावरून या शहरात आले. त्यांची ही वारस कंबरेला पदर खोचून पोह्यांच्या ठेल्यावर उभी राहिली. ती पहाटे सगळं तयार करून द्यायची आणि सात वाजता जिना चढायची. पुढचं माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी मला राहवलं नाही, मी वरून ओलं खोबरं भुरभुरलं. जणू कुणाच्या घरात घुसून देव हलवला. "काकीजी, ये क्या डाल दिया? बरफ गिर गई क्या?" एकाने तर प्लेट परत केली. मी त्याला व्याकरणशुद्ध हिंदीत सुनावलं, पण खोबरं बंद केलं.

गंमत अशी, की तो वर्ग मला खालून ऐकू यायचा. वर पडद्यावर बंगळूरहून कुणीतरी यायचं आणि इंग्रजी-हिंदीत विचारायचं, "आपका कस्टमर कौन है?" तिचा कस्टमर माझ्यासमोर उभा राहून शेव जास्त मागत असायचा. नऊच्या सुमाराला वरून निरोप यायचा की सगळ्यांसाठी पोहे पाठवा. म्हणजे तिचेच पोहे तिलाच वर, गिऱ्हाईक ओळखण्याच्या वर्गात. याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मग पैसे देणारे पाहुणे आले. 'फील्ड व्हिजिट' म्हणतात. फील्ड म्हणजे आमचा जिना उतरून पाच पावलं. गोरेगोमटे, पाण्याच्या बाटल्या घेतलेले, गल्लीतल्या उघड्या तारांकडेही कौतुकाने बघणारे. त्यांतली एक बाई माझ्यासमोर येऊन अत्यंत हळुवार आवाजात म्हणाली, "दीदी, इस प्रोग्राम से पहले आपकी ज़िंदगी कैसी थी?"

मी म्हटलं, "शांत होती."

कॅमेरा माझ्यावर. आमचे महाशय मागे उभे. सांगावं ना, की ही लाभार्थी नाही, ही वरच्या मजल्यावरची काकू? नाही सांगितलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काकू, प्लीज, दोन मिनिटं." पाहुण्यांना तो कोपरा फार आवडला. किती खरा, किती जिवंत! जाताना त्यांनी महाशयांच्या पाठीवर थाप मारली. आणि त्या थापेने आमचा घात केला.

मी इतके दिवस राखण करत होते ती कृष्णपुऱ्याच्या पोहेवाल्यापासून. कुंपणच शेत खाईल, हे मनात आलं नाही. पुढच्या आठवड्यात महाशयांनी जाहीर केलं की स्टीलचा ठेला त्याच कोपऱ्यावर लागणार. आणि त्यावर वर्गातल्या सगळ्या बायका आळीपाळीने उभ्या राहणार. समान संधी. हिची पाळी शनिवारी.

मी तावातावाने गेले. म्हटलं, "जागा तिची आहे."

"काकू, जागा कम्युनिटीची आहे. ओनरशिपचा माइंडसेटच आपल्याला मोडायचाय."

त्याच्या वडिलांचे पुण्यात दोन फ्लॅट आहेत, असं त्यानेच मला चहा पिताना सांगितलं होतं. त्यांच्या ओनरशिपचा माइंडसेट कधी मोडणार, ते मी विचारलं. त्याने फोन कानाला लावला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मी तिला खूप सांगितलं की आपला ठेला हलवू नकोस. पण तिला नवी साडी नेसायची होती, मंचावर बसायचं होतं. "एक दिन की तो बात है, काकीजी," म्हणत तिने स्वतःच्या हाताने ठेला ढकलत घरी नेला. प्रमुख पाहुणे अकराला आले. पोह्यांच्या ठेल्याचं उद्घाटन अकराला! या शहरात त्या वेळी पोहे मागणारा एक तर आजारी असतो, नाहीतर परगावचा. मेडिकलवाला शटर उघडायचं म्हणून ओरडत होता. स्टीलच्या ठेल्यावर विजेची शेगडी होती आणि विजेची तार कुठून आणायची, हे कुणीच ठरवलं नव्हतं. थंड पोह्यांसमोर फीत कापली. टाळ्या झाल्या. ती फोटोत इतकी छान हसली आहे, की बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकीतून पाहिलं, कोपरा रिकामा. ज्या बाईची पाळी होती ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिला नऊला यायला सांगितलेलं. हिला उद्घाटनानंतर सांगितलेलं की आता जुना ठेला लावायचा नाही, तुझी पाळी शनिवारी, तोवर आराम कर. ती बिचारी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच उजाडेपर्यंत झोपली होती.

मी धावत खाली गेले आणि जाऊन कोपऱ्यावर उभी राहिले. नुसतीच. थोड्या वेळाने तो कृष्णपुऱ्याचा पोहेवाला आपला ठेला ढकलत आला. भगोना उकळत होता, झाकणाखालून वाफ सुटत होती.

"जागा घेतलेली है," मी म्हटलं. घाबरले की माझी हिंदी बिघडते.

त्याने अदबीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "काकीजी, ठेला किधर है? भाप किधर है?"

माणसाच्या अंगातून वाफ निघती, तर त्या सकाळी तो कोपरा माझ्या एकटीच्या जिवावर राहिला असता.

"हटो काकीजी," तो म्हणाला, "गरम है, लग जायेगा."

मी बाजूला झाले. सात वाजले तोवर त्याच्याभोवती गर्दी जमली होती. नऊला स्टीलचा ठेला खाली आला तेव्हा महाशय त्याला सांगू लागले की ही आमची लोकेशन आहे. त्याने त्यांच्या हातात पोह्यांची प्लेट दिली आणि म्हणाला, "भिया, अपन तो नीचे रेते हैं. तुम ऊपर रेते हो." गल्लीतलं कुणी मधे पडलं नाही. कायदा सगळ्यांना माहीत होता. तीही धावत आली, केस न विंचरता, पहिल्यांदाच नटल्याशिवाय. तिने पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली.

वर त्या दिवशी मिटिंग झाली. मला बोलावलं होतं. महाशय म्हणाले, "काकू, फेल्युअर इज लर्निंग." मी विचारलं, "फेल कोण झालं आणि शिकलं कोण?" तेव्हापासून मी सल्लागार नाही. स्टीलचा ठेला त्यांच्या काचेच्या दारात ठेवलाय. त्यावर कुंड्या आहेत आणि माहितीपत्रकं. भिंतीवर तिचा तो हसरा फोटो मोठा करून लावलाय, आणि शेजारी माझाही, हातात झारा. पाहुणे आले की दाखवतात. काढा म्हटलं, तर म्हणाले, काकू, खूप इम्पॅक्टफुल आहे.

ती आता गल्लीच्या मागच्या तोंडाशी उभी राहते, सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीला लागून. हे शहर कितीही स्वच्छ असो, तिथे उभं राहून कुणी पोहे खात नाही. मी जाते. लांब पडतं, गुडघे दुखतात, पण जाते. मोठ्या मुलीने कॉलेज सोडलंय, साड्यांच्या दुकानात लागली आहे. हे तिने मला पोहे वाढता वाढता, माझ्याकडे न बघता सांगितलं.

परवा गेले तेव्हा परात भरलेली होती. चमचा लागल्याची खूण नव्हती. तिने झाकण उचललं, वाकून आत पाहिलं, भट्टीची ज्योत वाढवली, पुन्हा पाहिलं.

"काकीजी," ती म्हणाली, "भाप तो बरोबर उठ री है न?"

"उठते आहे गं," मी म्हटलं, मराठीतच, आणि दुसरी प्लेट मागितली.