शेवळाचा डोंगर

मासवणच्या पलीकडे, रस्ता सोडून आत गेलं की एक उतार लागतो. सागाची विरळ झाडी, खाली दगडगोटे, आणि जूनमध्ये जमिनीतून एकेकटी वर येणारी शेवळं. आधी तपकिरी कोंब, मग बोटाएवढा दांडा, पान नाही काही नाही. पान मागाहून येतं. पालघरच्या बाजारात ही शेवळं जुडीने मिळतात आणि सोबत काकडाची आंबट हिरवी फळं मिळतात, कारण काकड घातल्याशिवाय शेवळ शिजवलं तर घसा धरतो. माझं काम त्याच उतारावर होतं. मी रानातल्या झाडांच्या वस्त्यांवर संशोधन करते. कुठली झाडं किती, कुठली बी धरतात, कुठली मरतात, एवढंच. नातेवाइकांना हे सांगून झालं की ते विचारतात, बरं, पण नोकरी काय करतेस?

प्रश्न साधा होता. आपण खातो ते शेवळाचं फूल. खुडलं की त्या साली त्या झाडाचं बी गेलं. खुडणारी बाई उंच, जाड, लवकर आलेलं शेवळ आधी घेणार, हे उघड आहे. मागे उरतं ते बुटकं, उशिरा आलेलं, दगडाच्या आडचं, आणि बी धरतं तेच. पिढ्यान्पिढ्या असं चाललं तर या डोंगरावरचं शेवळच बुटकं आणि उशिरा येणारं होत जाईल का? त्यासाठी मला एकाच उताराचे दोन भाग हवे होते. वरचा, जिथे कोणी खुडणार नाही. आणि खालचा, जिथे नेहमीसारखं खुडलं जाईल. खुडणाऱ्या बाया नसतील तर माझ्या प्रश्नाला अर्थच नव्हता.

राहायला मी बोईसरला होते. पालघरला एकट्या बाईला घर देताना चौकशा फार. बोईसरला भाडं वेळेवर दिलं की कोणी काही विचारत नाही, आणि हे सुख असेल असं मला वाटलं होतं. शेजारच्या खोलीत कारखान्यात पाळीवर जाणारे तिघे राहत. त्यांच्याशी माझं एकच बोलणं व्हायचं. "मॅडम, पानी आया क्या?" मी हो किंवा नाही म्हणायचे. कधीकधी अख्ख्या दिवसात मी तेवढंच बोललेली असायचे.

पहिल्या पावसाळ्यात मी नुसतंच पाहत होते. तेव्हा उतारावर जवळच्या आदिवासी पाड्यावरच्या बाया यायच्या. त्यांत एक म्हातारी होती, सगळ्यांत पुढे चालणारी, तोंडाची फटकळ. मी उकिडवी बसून पट्टीने शेवळाची उंची मोजतेय हे पाहून तिने विचारलं होतं, खायची नाय तर बगतेस कशाला? बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी चिडले होते. पुढे रोजच हसत, आणि मी रोजच चिडे. खुडता खुडता त्यांचं आदल्या दिवशीच्या जेवणावर बोलणं चाले. काल कोणाचा घसा खाजला, कोणाचा नाही, काकड कोणी कमी घातलं. एकीच्या घरी सगळ्यांचाच खाजला होता आणि सुनेवर खापर फुटलं होतं. सून तिथेच होती, तीही हसत होती. मी बाजूला बसून वाळली पानं उलटीपालटी करायचे आणि ऐकायचे.

दुसऱ्या वर्षी मी कामाला लागले. वरच्या भागातलं खुडू नका, खालचं नेहमीसारखं खुडा, असं मी पाड्यावर जाऊन सांगून आले. माना डोलल्या. मग प्रत्येक शेवळ ओळखू यावं म्हणून वर आणि खाली, सगळीकडे, झाडाशेजारी काडी रोवून तिला लाल फीत बांधली. सगळा उतार लाल झाला. मी लांबून पाहिलं तेव्हा मला माझा अभिमान वाटला होता, हे खोटं कशाला सांगू.

बाया आल्याच नाहीत.

एक दिवस वाटलं, लग्नकार्य असेल. मग वाटलं, पाऊस. मग शेवळं उमलायला लागली. उमललेल्या शेवळाला कुजका वास येतो, माश्या येतात, आणि मग ते खाण्याच्या कामाचं राहत नाही. वरची उमलली, खालचीही उमलली. सगळा डोंगर घाण वास मारत होता आणि त्यात मी एकटी, पट्टी घेऊन. वरचा भाग आणि खालचा भाग यांत आता काडीचा फरक नव्हता. वर्ष वाया गेलं म्हणून मी संतापले होते, पण संतापाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. वाटेवर पाऊल वाजलं की मी मान वर करत होते. एकदा तर ती गाय निघाली, आणि मी तिच्याशी चांगलं लांबलचक बोलले.

शेवटी पाड्यावर गेले. म्हातारी ओट्यावर बसून शेवळंच निवडत होती, पलीकडच्या डोंगरावरची. मी तोऱ्यातच विचारलं, खालचं खुडा म्हणून सांगितलं होतं ना, का नाही आलात?

ती निवडत राहिली. "निशानी लावलीस ना तू," ती म्हणाली. "निशानी लावलेल्याला आमी हात नाय लावत."

मग तिने समजावलं. रानात मधाचं पोळं दिसलं आणि लगेच काढायचं नसलं, तर पाहणारा झाडाच्या बुडाशी गवताची गाठ मारून ठेवतो. मग ते त्याचं. दुसरा कोणी, अगदी सख्खा भाऊसुद्धा, त्याला शिवत नाही. माझ्या फिती म्हणजे त्यांच्या लेखी गाठीच होत्या. मी तोंडाने खालचं खुडा म्हटलं होतं, पण मागाहून स्वतःच गाठी मारल्या होत्या, म्हणजे माझा विचार फिरला असणार.

"सगला डोंगर तूच धरलास," ती म्हणाली. "आमी कुटं येनार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

तिसऱ्या वर्षी मी फिती फक्त वर ठेवल्या. खालच्या झाडांशेजारी पत्र्याचे बारीक बिल्ले मातीत दाबले, दिसणार नाहीत असे. पाड्यावर जाऊन पुन्हा सांगितलं. आणि बाया आल्या. त्यांचं हसणं आधी ऐकू आलं, मग त्या दिसल्या. मी खाली मान घालून उंची मोजत राहिले, कारण डोळे भरले होते आणि ते त्यांनी पाहिलं असतं तर वर्षभर पुरेल एवढी चेष्टा झाली असती. त्यांनी उंच, जाड शेवळं आधी घेतली. आडोशातली बुटकी राहिली. माझा प्रश्न पुन्हा जिवंत झाला.

शेवटच्या दिवशी जाताना म्हातारीने एक मोठी जुडी आणि मूठभर काकडं माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, मला कशाला, घरी न्या. ती म्हणाली, निशाणी काढलीस तरी आधी तुझी होती, ज्याची निशाणी त्याला वाटा द्यावाच लागतो. मला म्हणायचं होतं की मला वाटा नको, मला तुमच्यात बसून खुडायचं आहे. पण म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या भाताच्या लावणीला जाणार होत्या.

बोईसरला येऊन हाताला तेल लावून मी शेवळं निवडली, आतला पिवळा भाग काढला, बारीक चिरली. काकडं ठेचून रस घातला, वाटण घातलं. जुडी मोठी होती, भाजी चांगली चौघांपुरती झाली. शेजाऱ्यांना द्यावी म्हणून वाटी घेऊन गेले तर दाराला कुलूप होतं. मग मी पंख्याखाली बसून भाकरीशी खाल्ली. चव छान होती.

थोड्या वेळाने घसा खाजायला लागला. काकड कमी पडलं असेल, किंवा पिवळा भाग नीट निघाला नसेल. की मलाच तसं वाटत होतं? गूळ खाल्ला, पाणी प्यायले. असं झालं की काय करायचं असतं ते मला माहीत होतं, त्या उतारावर बसून रोज ऐकलं होतं. सकाळी एकमेकींना विचारायचं, तुझा खाजला का? आणि मग कोणाला तरी बोल लावून हसायचं. मी वाटीतली उरलेली भाजी झाकून ठेवली. घरात दुसरा घसा नव्हता.