खुर्सीपारचं 'बंद' दुकान

नागपूरहून भिलाईला हौसेनं कोणी जात नाही, असं आमच्या घरचं ठाम मत आहे. मी गेले, मजेत राहिले आणि दोन किलो वजन वाढवून आले. निमित्त कामाचं होतं. एका संस्थेनं घरी डबे करणाऱ्या बायकांना फोन आणि ऑर्डर घ्यायचं ॲप दिलं होतं. त्यानं घरची ओढाताण कमी झाली का, हे मला पाहायचं होतं. भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीच्या सुरेखाताईंचं दुकान मात्र संस्थेच्या ऑफिसातल्या पडद्यावर रोज दुपारी 'बंद' दिसायचं. त्यांना मिळणारं कणीक मळायचं यंत्र दुसऱ्या कोणाला द्यायचं का, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून दुर्गला उतरले आणि शेअर ऑटोत स्वतःला कोंबलं. मुक्काम पावर हाउसच्या बाजारातल्या साध्या लॉजवर. सकाळी खाली गाडीवर फरा खाल्ला: तांदळाच्या पिठाचे उकडून फोडणी दिलेले मुटके, वर टोमॅटोची झणझणीत चटणी. नाश्ता आणि खुर्सीपारपर्यंतचा ऑटो शंभराच्या नोटेत भागला. चटणी जपून घ्या, मी जपून घेतली नाही.

बंद दुकान बघायला गेले, तर दारात पाय ठेवायला जागा नाही. ओळीनं डबे, आत सुरेखाताई आणि त्यांची जाऊ वंदना आपल्या नागपुरी बोलीत गप्पा मारत पोळ्या लाटताहेत. फडताळावरचा फोन मात्र 'दुकान बंद' सांगत होता.

"हे बंद कावून?" मीही माहेरच्या बोलीत घुसले.

"दाळीच्या गंजात मावन तेवढ्या ऑर्डरी झाल्या का मी बंदच करतो," सुरेखाताई म्हणाल्या. "मंग ऑर्डर आली तं?"

"'नाकारा' असं बटण आहे की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्याला पानावरून उठवायला सांगितलं होतं. "जेवन मांगनाऱ्याले नाई म्हनू का ताई? प्लांटातले ठेकेदारीवरचे पोट्टे हायेत, घरदार सोडून आलेले."

वंदना हसली. "परवा एक ऑर्डर ज्यादा आली. हिनं सोताच्या पोळ्या देल्ल्या अन् चाय पिऊन राहिली."

म्हणजे सकाळीच दिवसभराच्या ऑर्डरी भरत होत्या, आणि ऑफिस दुपारी डोकावून दुकान मेलं समजत होतं! मला हसू आवरेना. वंदनानं दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी सोडली होती, ती याच धंद्याच्या जोरावर. सगळंच गोड नव्हतं. नेटवर्क रुसतं, आणि रोज कणीक मळून सुरेखाताईंचा उजवा हात खांद्यातून वर उचलला जात नव्हता. अर्थात मलाही त्यांनी नाही म्हटलं नाही. वांग्याची भाजी, वरण, भात, आग्रह.

संध्याकाळी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या झाडांखालच्या रुंद रस्त्यांवर फिरून पोट हलकं केलं. तिथली सावली नागपूरकरांना हेवा वाटावा अशी आहे.

घरी येऊन अहवाल लिहिला. संस्थेच्या साहेबांनी दोनदा फोन करून विचारलं, "नक्की चालू आहे ना?" मी म्हटलं, दुपारी नको, सकाळी बघा. त्यांनी बघितलं.

महिन्याभरानं सुरेखाताईंचा फोन आला.

"ताई, मशीन आली. काल दुपारी मी झोपली. जाऊले म्हनलं, उठवू नोको."

इतकी वर्षं मी प्रकल्पांचे परिणाम मोजत फिरते आहे. आपली दुपारची झोप कोणी मुद्दाम फोन करून कळवली, अशी ही पहिलीच वेळ.