फरशीवरून उठायचा धडा

अर्धी फरशी पुसून झाली होती. उरलेली तशीच राहिली, कारण झिजलेल्या चपलेतला पाय सटकला आणि टेलरमावशी बादलीशेजारी आडव्या झाल्या. हाड मोडलं नाही, ही देवाची कृपा; पण उठता काही येईना. शेजारीण डोकावेपर्यंत दोन तास त्या तशाच पडून.

गल्लीभराचे कपडे शिवून ज्यांनी एकटीनं मुलगा वाढवला, त्यांच्या घराला मुलानं त्याच संध्याकाळी कुलूप घातलं नि किल्ली खिशात टाकली.

"आई, एकटं राहणं आता बंद. माझ्याकडेच राहायचं."

"अरे, घसरले मी, मेले नाही!"

सुनेनं मात्र वाद न घालता त्यांना वृद्धांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"या काय, म्हातारं करून देतात? ते मी फुकटातच झालेय," मावशी वाटेत म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पाहिल्या, बसवून आणि उभं करून रक्तदाब मोजला, चपला उलट्या करून तळ पाहिले. मग विचारलं, "जमिनीवर बसणं कधी सोडलंत?"

मावशी आठवू लागल्या. शिवण खुर्चीवरच चालायचं. देवापुढे तेवढ्या खाली बसत. पण तीन वर्षांपूर्वी मुलानं हौसेनं तिथंही खुर्ची आणून ठेवली होती.

"लेकानं माया केली, पाय आळसावले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडू नका, असं सगळेच सांगतात. पडल्यावर उठायचं कसं, ते मी शिकवते. महिन्यानं इथं एकट्यानं उठून दाखवा, मग एकटं राहण्याबद्दल मुलाशी मी बोलते."

कुशीवर वळायचं, कोपरावर भार घ्यायचा, रांगत खुर्ची गाठायची, एक पाऊल रोवून वर यायचं. मुलाच्या घरी सतरंजी अंथरली गेली. पहिला आठवडा गाडी रांगण्यापुढे सरकेना.

"आई, या वयात रांगतेस?"

"तू रांगलास तेव्हा गल्लीभर कौतुक सांगत फिरले होते मी. तू निदान गप्प तरी बस!"

प्रार्थनाही आता जमिनीवरच. "देवा, वर एवढ्यात उचलू नकोस. फरशीवरून तेवढं उठव," असं म्हणून त्या रोज दोनदा खुर्चीला हात घालत.

महिना भरला. दवाखान्यात मावशी चटईवर आडव्या झाल्या, वळल्या, रांगल्या. खुर्चीपाशी गुडघा लटपटला. मुलगा धावला.

"हात लावशील तर बघ!"

पाऊल रोवलं. दम लागला, अंबाडा सुटला. पण मावशी उभ्या होत्या.

"राहू शकतात एकट्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फोन गळ्यात अडकवा, दोन्ही वेळा चौकशी करा. आणि या चपला आता तरी बदला."

मुलानं थोडा वेळ खिशातला हात खिशातच ठेवला. मग किल्ली आईच्या तळव्यावर ठेवली. "चल, घरी सोडतो."

"आधी चपलांच्या दुकानात ने. रबरी तळाच्या घ्यायच्यात."